घाट चढलेला कागद, घाट उतरलेले सिंह

कसारा सोडताना गाडीला जादा इंजिने लागतात, कारण पुढे थळघाट आहे. सदतीस फूट पुढे सरकावे तेव्हा एक फूट वर जाता येते, असा हा चढ. जीआयपी रेल्वेने तो बांधून काढला आणि १ जानेवारी १८६५ रोजी लोहमार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला. पुढे काही वर्षांतच खानदेश आणि वऱ्हाड मुंबई बंदराला जोडले गेले. या घाटातून कापूस उतरला, कांदा उतरला, देवळालीच्या छावणीकडे पलटणी चढल्या, सिंहस्थाला निघालेले यात्रेकरू चढले. घाटाच्या इतिहासात हे सगळे नोंदलेले असते. एका मालाची नोंद मात्र सहसा होत नाही, आणि तो माल म्हणजे नोटांचा कोरा कागद.

१९२८ मध्ये नाशिकरोडला नोटा छापण्याचे काम सुरू झाले. कागद विलायतेहून येई. मुंबई बंदरात उतरलेला तो कागद रेल्वेने नाशिकरोडला न्यायचा तर कसारा आणि इगतपुरी ओलांडण्यावाचून दुसरा जवळचा लोहमार्ग नव्हता. इगतपुरीनंतर घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली आणि मग नाशिकरोड. तिथे त्या कोऱ्या कागदाचा पैसा होई आणि मुंबईकडे जाणारा पैसा पुन्हा याच घाटाने खाली उतरे. होशंगाबादची कागद गिरणी १९६८ मध्ये चालू होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, हा क्रम टिकला. या चाळीस वर्षांत कागदावरचे चित्र बदलत गेले. राजाचा चेहरा गेला, सारनाथचे सिंह आले, गेटवे ऑफ इंडिया आला आणि ही चाळीस वर्षे सरताच सेवाग्रामच्या झोपडीपुढे बसलेले गांधीजी आले.

राज्य बदलले की पैशावरचे चित्र बदलते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ते बदलताना लोकांचा पैशावरचा विश्वास कसा सांभाळला जातो, हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. १९४७ ते १९५४ या काळात ते काम नाशिकरोडला झाले आणि फार शहाणपणाने झाले.

टाउन हॉल आणि दोन गव्हर्नर

मुंबई इलाख्यात कागदी पैसा आला तो बँक ऑफ बॉम्बेच्या रूपाने. ही बँक १८४० मध्ये स्थापन झाली. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र होते. काही नोटांवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांचे पुतळे होते. टाउन हॉल म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची खांबांची इमारत, १८३३ मध्ये पूर्ण झालेली. एल्फिन्स्टन आणि माल्कम हे मुंबईचे लागोपाठचे दोन गव्हर्नर. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा कारभार ताब्यात घेणारा एल्फिन्स्टन होता, आणि दुसऱ्या बाजीरावाशी शरणागतीची बोलणी करणारा माल्कम होता. मराठी मुलुखात फिरू लागलेल्या पहिल्या नोटांवर हीच दोन माणसे असावीत, यात योगायोग थोडा आणि अर्थ फार आहे. ज्याच्या नावाने वचन दिले जाते तो नोटेवर दिसतो, आणि तेव्हाचे वचन त्या सत्तेचे होते.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचे छोटे चित्र होते. दहा, वीस, पन्नास, शंभर आणि हजार रुपयांच्या या नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत. त्यांचा हाताने बनवलेला कागद लेव्हरस्टोकच्या गिरणीतला होता. रक्कम दूर पाठवायची तर व्यापारी नोट मधोमध कापत, एक तुकडा टपालाने धाडत आणि तो पोचल्याचे कळले की दुसरा धाडत. वाटेत लूट झाली तरी लुटारूच्या हाती अर्धी नोट, म्हणजे काहीच नाही.

राणीचे चित्र फार दिवस टिकले नाही. बनावट नोटांचा इतका सुळसुळाट झाला की ती मालिकाच मागे घ्यावी लागली. १८६७ पासून रंगीत तळछपाईच्या नोटा आल्या. त्यांच्यावर चेहरा नव्हता. वेलबुट्टीसारख्या गुंतागुंतीच्या रेषा, पाण्यातल्या लाटांसारखे जलचिन्ह आणि देशी भाषांतले मजकूर होते. चलनासाठी देशाची वर्तुळे पाडलेली होती, आणि एका वर्तुळातली नोट दुसऱ्या वर्तुळात वटवून मिळण्याचा हक्क नव्हता. कलकत्त्याच्या वर्तुळाची नोट घेऊन मुंबईत रुपये मागता येत नसत. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभरच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर चालू लागल्या. चेहरा नसलेली ही नोट जवळजवळ अर्धे शतक चालली.

चेहरा परत आला तो पहिल्या महायुद्धामुळे. चांदीची टंचाई झाली, रुपयाचे नाणे पुरेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढण्यात आली आणि तिच्यामागून दोन रुपये आठ आण्यांची. रुपयाच्या नोटेवर पंचम जॉर्जचा चेहरा नाण्याच्या रूपातच छापलेला होता. हातात चांदी द्यायला नसताना निदान चांदीचे चित्र द्यावे, ही युक्ती त्यात होती. मे १९२३ मध्ये दहा रुपयांच्या नोटेवर राजाचा चेहरा आला, आणि मग सगळ्याच नोटांवर तो ठाण मांडून बसला.

नाशिकरोडचा छापखाना

तोवर हिंदुस्थानच्या नोटा आणि पोस्टाची तिकिटे इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. युद्धाच्या काळात समुद्रमार्गाचा भरवसा राहिला नाही, तेव्हा आपला पैसा परमुलुखातून मागवण्यातला धोका सरकारला कळून चुकला. छापखाना हिंदुस्थानात हवा असे ठरले आणि जागा निवडली गेली नाशिकरोडची. मुंबईचे बंदर जवळ, रेल्वे दाराशी, आणि हवा समशीतोष्ण. कागदाला दमट हवा मानवत नाही हे मुद्रकांना चांगले ठाऊक असते.

१९२५ च्या सुमारास इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तिकिटांची छपाई सुरू झाली. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस आले आणि तिथे छापलेली पहिली नोट पाच रुपयांची होती. १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. नाशिकरोडच्या लोकांसाठी हे दोन्ही मिळून एकच, ‘प्रेस’. ‘प्रेसमध्ये कामाला आहे’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. जेलरोड, देवळालीगाव, उपनगर या वस्त्या प्रेसच्या भोंग्याबरोबर वाढल्या.

त्याच सुमारास खाली घाटातही मोठा बदल होत होता. कल्याण ते इगतपुरी मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत पुरे झाले. मालगाड्यांसाठी लांब नाकाची, सांधेजोड अंगाची विजेची इंजिने आली. रेल्वेतले लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. इगतपुरीला विजेचे इंजिन सुटे आणि पुढच्या मार्गावर वाफेचे लागे. घाट विजेवर चालू लागला आणि नोटा देशात छापल्या जाऊ लागल्या, हे दोन्ही पाचेक वर्षांच्या आत घडले. इगतपुरी आणि नाशिकरोड यांच्यामधले अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. या एवढ्या पट्ट्यात त्या दशकातले सर्वांत आधुनिक तंत्र एकवटले होते.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्या स्वतःच्या नोटा निघायला मात्र तीन वर्षे लागली, आणि त्या अवधीत राजेही भराभर बदलले. जानेवारी १९३६ मध्ये पंचम जॉर्ज वारला, आठवा एडवर्ड गादीवर आला, डिसेंबरमध्ये त्याने राज्यत्याग केला आणि सहावा जॉर्ज राजा झाला. बँकेची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली ती या तिसऱ्या राजाचा चेहरा घेऊन. त्याच वर्षी दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांच्या नोटा आल्या. त्यांवर गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची सही होती.

टेलर यांची चित्रांविषयीची काटेकोर नजर बँकेच्या इतिहासात नोंदलेली आहे. बँकेच्या शिक्क्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहोरेवरचा सिंह आणि ताडाचे झाड हा नमुना घेतला होता. सिंहाच्या जागी हिंदुस्थानचा म्हणून वाघ आला. पण काढलेला वाघ टेलर यांना कुत्र्यासारखा वाटला आणि लोक हसतील अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. मग कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या दारावरच्या वाघाचा नमुना समोर ठेवून चित्र सुधारले गेले. या तक्रारीमागे गंभीर कारण होते. ज्या चित्रावर लोक हसतात त्या चित्राखालच्या वचनावर ते विश्वास ठेवत नाहीत.

राजा समोर पाहू लागतो

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नाण्यांची टंचाई झाली. ऑगस्ट १९४० मध्ये एक रुपयाची नोट परत आली. अडीच रुपयांची नोट पुन्हा काढण्याचा विचार झाला, पण तिच्याऐवजी ३ मार्च १९४३ रोजी दोन रुपयांची नोट आली. याच युद्धात जपान्यांनी भारतीय नोटांच्या हुबेहूब नकला तयार केल्या. जलचिन्ह बदलणे भाग पडले. तोवर राजाचा चेहरा बाजूने दिसे. आता तो समोरून काढण्यात आला. कागदात सुरक्षा धागा घातला गेला, आणि भारतीय नोटेत असा धागा तेव्हाच पहिल्यांदा आला. आज आपण नोट उजेडात धरून जो धागा शोधतो, त्याची सुरुवात ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या त्या बनावट नोटांच्या धास्तीत आहे.

११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले चिंतामण द्वारकानाथ देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, या पदावर बसलेले पहिले भारतीय. तेव्हापासून नोटेवर उजवीकडे इंग्लंडचा राजा आणि खाली वचनाखाली एका मराठी माणसाची सही, अशी जोडी दिसू लागली. परकी सत्तेचा चेहरा आणि देशी हाताची सही एकाच कागदावर चार वर्षे फिरत राहिली. स्वातंत्र्याआधी कारभार आपल्या हाती कसा सरकत होता, हे या कागदाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

पाकिस्तानच्या पहिल्या नोटा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्ता बदलली. पैसा बदलला नाही, आणि एका रात्रीत तो बदलणे शक्यही नव्हते. सहाव्या जॉर्जच्याच नोटा दोन्ही देशांत चालू राहिल्या. फाळणीच्या व्यवस्थेनुसार काही काळ रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानकडे नोटांचा छापखाना नव्हता. तेव्हा नाशिकरोडला छापलेल्या नोटांवरच वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असे शब्द घालण्यात आले. एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या या नोटा १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चलनात आल्या. रिझर्व्ह बँकेची पाकिस्तानातली जबाबदारी ३० जूनला संपली, आणि १ जुलै १९४८ पासून स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

यांतल्या बँकेच्या नोटेकडे थोडे थांबून पाहायला हवे. चेहरा इंग्लंडच्या राजाचा, बँक भारताची, सही देशमुखांची, छपाई नाशिकरोडची आणि चलन पाकिस्तानचे. दोन्ही देशांत माणसे एकमेकांना मारत होती आणि आगगाड्या प्रेतांनी भरून येत होत्या, त्या दिवसांनंतर काही महिन्यांतच नाशिकरोडचे कामगार शेजारच्या नव्या देशासाठी नोटा छापत होते. पैशाचा विश्वास तुटला असता तर दोन्हीकडे आणखी एक आगडोंब उसळला असता. कराचीच्या बाजारात त्या नोटेवर धान्य मिळत राहिले, हे त्या काळातले एक मोठे काम होते, आणि ते नाशिकरोडच्या यंत्रांवर झाले.

गांधीजी की सिंह

राजाचा चेहरा काढायचा हे ठरलेलेच होते. त्याच्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न उरला. पहिला विचार महात्मा गांधींचे चित्र घालावे असा होता आणि तसे आराखडेही तयार झाले. अखेरीस कौल सारनाथच्या सिंहांना मिळाला.

सारनाथचा हा सिंहस्तंभ १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. एर्टेल यांना सापडला. एकमेकांना पाठ लावून उभे असलेले चार सिंह, त्यांच्याखाली गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि मध्ये चक्रे. १९४७ मध्ये तिरंग्यावर चक्र आले ते याच परंपरेतून. नाशिकरोडच्या छापखान्याला हे सिंह नवे नव्हते. स्वतंत्र भारताची पहिली तिकिटे ‘जयहिंद’ या शब्दांसह तिथेच छापली गेली. २१ नोव्हेंबर १९४७ च्या साडेतीन आण्यांच्या तिकिटावर तिरंगा होता आणि १५ डिसेंबरच्या दीड आण्याच्या तिकिटावर सिंहस्तंभ. नोटेवर येण्याआधी सिंह पाकिटाच्या कोपऱ्यावर बसून देशभर हिंडून आले होते.

१९४९ मध्ये सिंहाची पहिली नोट निघाली ती एक रुपयाची. क्रम असा लागण्याला कारण होते. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, ती सरकारची असते. कायद्याच्या दृष्टीने ती नाणेच आहे, म्हणून तिच्यावर धारकाला रुपये देण्याचे वचन नसते आणि सही गव्हर्नरची नसून वित्त सचिवाची असते. या पहिल्या नोटेवर के. आर. के. मेनन यांची सही आहे. बँकेच्या बाकीच्या नोटांवर राजा १९५० पर्यंत गोठलेल्या अवस्थेत राहिला. मग दोन, पाच, दहा आणि शंभरच्या नोटांवर सिंह आले. देशमुख तोवर बँकेतून निवृत्त झाले होते. नव्या नोटांवर बेनेगल रामा राव यांची सही आली.

नव्या नोटांची मांडणी बहुतांशी जुन्यासारखीच ठेवली होती. राजा जिथे होता तिथे सिंह आले. मागच्या बाजूला दोन रुपयांवर वाघ, दहावर शिडाचे गलबत आणि शंभरवर हत्तींची जोडी होती. कोकणातल्या माणसाला ते गलबत आपल्या बंदरातले वाटावे, विदर्भातल्या माणसाला तो वाघ ओळखीचा वाटावा, अशी ती चित्रे होती. त्यात कोणता पक्ष नव्हता, कोणता पुढारी नव्हता, कोणत्या एका प्रांताची बढाई नव्हती.

गांधीजी नोटेवर आले नाहीत याची खंत तेव्हा अनेकांना वाटली असेल. तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो. चेहरा बदलून चेहरा ठेवला असता तर जुन्या राजाच्या जागी नवा राजा आला, असा अर्थ निघाला असता. प्रजासत्ताकात वचन एका माणसाचे नसते. सम्राट अशोकाचे सिंह दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे, कोणाच्याही घराण्याचे नाहीत, आणि कोणीही त्यांच्यावर हक्क सांगू शकत नाही. बाकी सगळे तसेच ठेवल्यामुळे खेड्यातल्या बाजारात नोट हाती घेणाऱ्याला बिचकण्याचे कारण उरले नाही. देशातला एवढा मोठा बदल झाला आणि भाजी विकणाऱ्या बाईने ती नोट नेहमीच्या सवयीने कनवटीला खोचली, हे त्या आराखड्याचे यश.

जोगलथेंबीचा हंडा

नाशिक जिल्ह्याला हे काम नवे नव्हते. १९०६ मध्ये जोगलथेंबी गावी चांदीच्या नाण्यांनी भरलेले एक भांडे सापडले. तेरा हजारांहून अधिक नाणी त्यात होती आणि ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. त्यांवर एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर मात्र दुसरीच खूण ठोकलेली आढळली. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. ही खूण गौतमीपुत्र सातकर्णीची. त्याने क्षहरातांचा पराभव केला, हे नाशिकच्या लेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरवून ठेवले आहे.

गौतमीपुत्राने शत्रूची नाणी वितळवून टाकली नाहीत. त्याने त्यांच्यावर आपली खूण उमटवली आणि ती पुन्हा बाजारात सोडली. चांदी तीच, वजन तेच, हुकूम नवा. इगतपुरीजवळचा घाट हा देशावरून कोकणातल्या बंदरांकडे उतरणारा जुना मार्ग, आणि त्या मार्गावरच्या व्यापाऱ्यांना खात्रीचे चलन लागत होते. लढाई जिंकल्यानंतरही बाजार चालू ठेवावा लागतो, हे त्या सातवाहन राजाला कळले होते.

१९४८ मध्ये त्याच जिल्ह्यात राजाच्या नोटेवर शेजारच्या देशाचे नाव छापले गेले, आणि पुढच्याच वर्षी राजाच्या जागी सिंह बसवले गेले. दोन्ही वेळा विचार तोच होता. जे लोकांच्या ओळखीचे आहे ते टिकवायचे आणि सत्तेची खूण तेवढी बदलायची. चलनाच्या इतिहासात हा धडा एकाच जिल्ह्यात दोनदा, अठराशेहून अधिक वर्षांच्या अंतराने, असा लख्ख दिसावा, ही नाशिककरांसाठी अभिमानाची गोष्ट आहे.

पाच हजारांवरचा गेटवे

मोठ्या किमतीच्या नोटा जानेवारी १९४६ मध्ये रद्द झाल्या होत्या. १९५४ मध्ये त्या परत आल्या, हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या. तेव्हा देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. या तिन्ही नोटांवर पुढे सिंह होतेच. मागची चित्रे मात्र नव्याने निवडली होती. हजारावर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर, पाच हजारावर गेटवे ऑफ इंडिया आणि दहा हजारावर पुन्हा सिंहस्तंभ.

गेटवेची निवड अर्थाने भरलेली आहे. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. जॉर्ज विटेट यांनी ती आखली, आणि ती १९२४ मध्ये खुली झाली. तोच हा राजा, ज्याचा चेहरा पहिल्यांदा एक रुपयाच्या नोटेवर आला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून चालत बोटीत बसली. राजाच्या येण्यासाठी बांधलेला दरवाजा त्याच्या सैन्याच्या जाण्याचा दरवाजा झाला. मग सहा वर्षांनी तो प्रजासत्ताकाच्या नोटेवर आला. राजाचा चेहरा गेला आणि त्याच्यासाठी उभारलेली कमान राहिली, कारण ती तोवर मुंबईची आणि देशाची झाली होती.

पाच हजारांची नोट सामान्य माणसाच्या हाती कधी आली नाही. १९५४ मध्ये ती रक्कम एखाद्या कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढी होती. १६ जानेवारी १९७८ च्या वटहुकमाने या तिन्ही नोटा पुन्हा रद्द झाल्या आणि गेटवेची नोट संग्रहालयात गेली. मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. तिथल्या मांडणीत राजे, सिंह आणि कमानी एका रांगेत पाहिल्या की ही सारी वाट डोळ्यांसमोर उभी राहते.

आखातात आणि सेवाग्रामात

नाशिकरोडचे सिंह समुद्रापलीकडेही गेले. कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या भागात भारतीय रुपयाच चालत असे. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात होऊ लागली, तेव्हा १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. चित्र तेच, रंग निराळे आणि क्रमांकाआधी इंग्रजी झेड हे अक्षर. हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर, यांपैकी ज्या भागांत हा रुपया अजून चालत होता, त्यांनीही तो सोडून दिला.

गांधीजींना नोटेवर यायला वीस वर्षे थांबावे लागले. १९६९ च्या जन्मशताब्दीला विशेष नोटा निघाल्या. त्यांवर गांधीजी बसलेले आहेत आणि मागे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाची कुटी आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले होते. एल्फिन्स्टनच्या पुतळ्यापासून सुरू झालेला मराठी मुलुखाचा नोटेवरचा प्रवास मातीच्या भिंतींच्या कुटीपाशी पोचला. पुढे १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर आणि १९९६ पासून सगळ्याच नव्या नोटांवर गांधीजींचा चेहरा आला, सिंह लहान होऊन बाजूला गेले. २०१९ पासून वीस रुपयांच्या नोटेमागे वेरूळची लेणी आहेत.

नोटेवर गव्हर्नरची सही असते. जलचिन्हातला सिंह ज्याने रेखला, शिडाचे गलबत ज्याने काढले, रंग ज्यांनी जुळवले आणि क्रमांक ज्यांनी तपासले त्या माणसांची नावे तिच्यावर नसतात. १९७४-७५ मध्ये देवासचा छापखाना सुरू होईपर्यंत देशाच्या नोटांचा भार नाशिकरोडच्या कामगारांनी उचलला. गुप्ततेची शपथ आणि दारावरची झडती यांच्यामुळे या माणसांनी आपल्या कामाविषयी घरीही फारसे बोलायचे नसते. त्यामुळे त्यांचा इतिहास लिहिला गेला नाही. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा अभ्यास होतो. तेवढ्याच आस्थेने नाशिकरोडच्या नोटांचा आणि त्या छापणाऱ्यांचा अभ्यास झाला पाहिजे. गुपिते विचारण्याची गरज नाही. पहिली नोकरी कशी लागली, पाळी कशी असे, सिंहाची पहिली नोट गावात पोचली तेव्हा आईवडिलांनी काय म्हटले, एवढे जरी प्रेसच्या आणि इगतपुरीच्या रेल्वेतल्या जुन्या कुटुंबांकडून टिपून ठेवले, तरी स्वातंत्र्याचा एक असा अध्याय हाती लागेल जो दिल्लीच्या दप्तरात मिळणार नाही. देशाने राजा उतरवला आणि बाजार एक दिवसही बंद पडू दिला नाही, हे काम ज्यांच्या हातांनी झाले त्यांची नोंद करणे आपल्या जिल्ह्याचे कर्तव्य आहे, आणि ते याच पिढीत पार पाडायला हवे.